लाल पेन्सिलीच्या खुणा

आमच्या क्वार्टरमधल्या लोखंडी कपाटावर कागदांच्या गुंडाळ्या रचलेल्या असत. बाबा पोलाद कारखान्याच्या ज्या मिलमध्ये फिटर होते, तिथल्या ड्रॉइंग ऑफिसात यंत्रांचे, पाइपांचे, जिन्यांचे नकाशे जुने झाले की त्यांच्यावर लाल पेन्सिलीनं या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघा ओढायचे आणि दाराबाहेरच्या खोक्यात टाकून द्यायचे. ज्याला हवा त्यानं न्यावा. गेटवरचा माणूस लाल रेघ बघायचा आणि 'जाओ' म्हणायचा. आमच्या सेक्टरात हे नकाशे कामाला आले नाहीत असं एकही घर नसेल. पुस्तकांना कव्हरं त्यांची, स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर तेच, ट्रंकेच्या तळाशी तेच. माझ्या फिजिक्सच्या पुस्तकावर अख्खा गिअरबॉक्स होता आणि आईच्या मिठाच्या बरणीखाली कुठल्याशा क्रेनचं पोट. नवा कागद आणला की त्याचा अमोनियाचा वास दोन-तीन दिवस घरात राहायचा आणि आई खिडक्या उघडत बाबांना बोलायची. पण बोलून झालं की तोच कागद मोजून फळीच्या मापाचा कापायची. लाल पेन्सिल दिसली की कागद रद्द, म्हणजे आपला, हे आम्हाला अक्षरओळखीच्या आधीपासून कळत होतं.

मी जन्माचीच धास्तावलेली, आणि हा वारसा सरळ आईकडून आलेला. आईची भीती घड्याळावर चालायची. बाबांची ए शिफ्ट दोनला सुटायची. स्कूटर अडीचपर्यंत दारात लागली पाहिजे. दोन वाजले की आईचं बोलणं कमी व्हायचं. पावणेतीनला ती लाखोळीच्या वरणाखालचा गॅस बारीक करायची. तीनला फाटकाशी जाऊन मुनग्याचा, म्हणजे शेवग्याचा, पाला तोडत बसायची, घरात मुनग्याची भाजी कुणालाच नको असली तरी. स्कूटरचा आवाज आला की लगबगीनं आत यायची, पदर खोचायची आणि पाठमोरी राहून म्हणायची, "आले का? मले वाटलं, आज तिथीच जेवून राहिले." बाबा हात धुवायचे आणि जेवायला बसायचे. भात, वरण, अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल. आज काय झालं असं विचारलं तर एकच उत्तर, "चालू हाये." प्लांटातलं काहीही बाबा घरी आणत नसत, कागदांखेरीज. आता वाटतं, त्या न सांगण्यानंच आई एवढी घाबरायची. पण तेव्हा मला वाटायचं की सांगण्यासारखं काही नसेल.

राज्य नवं नवं झालं होतं, गाड्यांच्या पाट्यांवरची अक्षरं नुकतीच बदलली होती. मी बारावी होऊन घरी बसले होते. बसले म्हणजे भिलाईच्या भाषेत 'ड्रॉप' घेतला होता, इंजिनिअरिंगच्या परीक्षेसाठी. सिविक सेंटरला आठवड्यातून तीन दिवस कोचिंग. बाकीच्या तीन दुपारी मी 'ड्रॉइंग क्लास'ला जायची. बाबा हे ऐकून खूश होते. इंजिनिअरला ड्रॉइंग आलं पाहिजे, त्यांच्या मिलमधल्या अर्ध्या साहेबांना येत नाही, असं ते कौतुकानं शेजाऱ्यांना सांगायचे. मी खाली मान घालून ऐकायची. कारण तो क्लास इंजिनिअरिंगच्या ड्रॉइंगचा नव्हता. तो कुरुदला होता, एका बंद पडलेल्या धानाच्या गोदामात, आणि तिथं आम्ही कागदाला घड्या घालायचो आणि चालायचो. अठरा वर्षांच्या मुलीनं दुपारभर चालायला शिकण्यासाठी ऑटो बदलून जायचं, हे घरी कोणत्या तोंडानं सांगणार होते?

गोदाम नंदिनी दीदींचं होतं. त्या पन्नाशीच्या, पूर्वी नाचायच्या, मग गुडघा गेला तेव्हा कागदाकडे वळल्या. वर उंच टिनाचं छत, त्यात दोन काचा बसवलेल्या. खाली गुळगुळीत फरशी, तिच्यावर खडूनं आखलेल्या चौकोनांच्या रांगा. सामान म्हणजे एक बाकडं, पाण्याचा माठ आणि दोऱ्यांवर टांगलेले घडीचे कागद, काही हाताएवढे, काही दारापेक्षा मोठे. दीदींचा एकच नियम होता, "पहले चलो, फिर मोड़ो." जी घडी कागदाला घालायची ती आधी फरशीवर चालून बघायची. जिथं कागद वर उचलायचा, तिथं चवड्यांवर उंच व्हायचं. जिथं खाली दाबायचा, तिथं गुडघ्यात वाकायचं. रांगेमागून रांग, दोन-दोन तास. मगच कागद हातात मिळायचा. कात्री नाही, डिंक नाही. पूर्ण झालेला कागद खांद्यांवर घेऊन वळायचं, वाकायचं, श्वास घ्यायचा, आणि आपण हललो तसा तो उघडतो-मिटतो का हे बघायचं.

आम्ही पाच-सहा जणी होतो. त्यांत दुलारी उतईहून सायकल मारत यायची. वडील शिंपी, आणि हिच्या अंगात असा डौल की कागद तिचं ऐकायचाच. माझं उलट. कागद फाटेल, कोपरा लागेल, कुणी हसेल, बाबांच्या ओळखीचं कुणी दारावरून जाईल, एवढं सगळं डोक्यात घेऊन मी कोपरं अंगाशी आवळून चालायची. दीदी एकदा म्हणाल्या, "करुणा, तुम कमरे में ऐसे चलती हो जैसे किसी ने डाँटने के लिए बुलाया हो." सगळ्या हसल्या. मीही हसले, पण ते खरंच होतं.

बाजारातला कार्डाचा कागद छोटा पडायचा आणि वर्तमानपत्र लोळायचं. दीदींनी माझ्या फिजिक्सच्या पुस्तकाचं कव्हर बोटांनी चोळून पाहिलं आणि म्हणाल्या की असाच मोठा कागद आण. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की या गोदामात माझ्यापाशी काहीतरी आहे जे दुलारीकडे नाही. मी कपाटावरच्या गुंडाळ्या एकेक करून न्यायला लागले. बाबांना विचारायचा प्रश्नच नव्हता, ते कागद घराचेच होते. मोठ्या कामासाठी मला सगळ्यात लांब कागद हवा होता. एका दुपारी आई शेजारी गेलेली असताना मी स्टुलावर चढले, तेव्हा अगदी मागे, भिंतीला लागून, परकराच्या नाडीनं बांधलेली एक जाड गुंडाळी सापडली. हातभर उलगडून पाहिली. निळसर रेघांच्या नकाशावर लाल पेन्सिलच लाल पेन्सिल. रेघा, बाण, वर्तुळं, बारीक आकडे. एवढं लाल मी कुठल्याच कागदावर पाहिलं नव्हतं. आमच्या घरच्या हिशेबानं जेवढं लाल जास्त तेवढा कागद जास्त रद्द. मी नाडी पुन्हा बांधली आणि गुंडाळी घेऊन निघाले.

त्या कागदानं माझे तीन आठवडे घेतले. तिरके चौकोन, शेकडो. प्रत्येक घडी चमच्याच्या पाठीनं घासून पक्की करायची, उलटवायची, पुन्हा घासायची. शेवटी असं झालं की एक कोपरा धरून ओढला की सहा हात लांबीचा कागद एका ओढीत उघडायचा आणि ढकलला की वहीएवढा होऊन बसायचा. तो खांद्यांवर घेऊन मी पहिल्यांदा वळले तेव्हा तो माझ्याबरोबर सळसळत उघडला, आणि माझी कोपरं आपोआप बाहेर आली. दीदी बाकड्यावरून उठून उभ्या राहिल्या. पुढं दोन आठवडे मी दर क्लासला तो उघडत-मिटत होते. घरी जाताना ऑटोत मी गुणगुणत असायची. एवढ्या वर्षांत मी स्वतःला तशी क्वचितच भेटले आहे.

मग तो रविवार आला. बाबांची सुट्टी होती. सकाळी पोहे झाले, बाबांनी चष्मा पुसला, एक कोरा कागद टेबलावर पसरून चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या आणि स्टुलावर चढले. मी पलंगावर पुस्तक मांडीत घेऊन बसले होते.

"करूची माय," बाबा वरून म्हणाले, "इथी मागं एक गुंडाळी होती ना? नाडीनं बांधलेली?"

"मी काहाले हात लावू?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"दिवाळीले फळ्याईवर कागद टाकले होते ना तू?"

आई हात पुसत बाहेर आली. बाबांचा चेहरा पाहिला आणि तिचा आवाज उतरला. "कोणता कागद होता थो?"

बाबांनी सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. मिलच्या खाली तळघर आहे, तिथून तेलाचे पाइप गेलेले आहेत. वर्षानुवर्षं कुठं जुना पाइप बंद करून बाजूनं नवा टाकला, कुठं व्हॉल्व हलवला. ऑफिसच्या नकाशात यातलं अर्धंही नव्हतं. बाबा आणि त्यांचे जोडीदार लोखंडे काका, दोघांनी मिळून एका टाकून दिलेल्या नकाशावर खरं काय आहे ते लाल पेन्सिलीनं भरत नेलं होतं, बारा-तेरा वर्षं. रेघ म्हणजे पाइप, वर्तुळ म्हणजे व्हॉल्व. लोखंडे काका तीन वर्षांपूर्वी त्याच तळघरात पाय अडखळून खड्ड्यात पडले, कंबर मोडली आणि नोकरी सोडून गावी गेले. आता ती सारी माहिती फक्त त्या कागदावर होती. आणि सोमवारी सकाळपासून शटडाऊन होता, मिल बंद ठेवून जुने पाइप कापायचा. बाबांना त्याआधी तो कागद स्वच्छ उतरवून न्यायचा होता.

"उद्या ठेकेदाराचे पोरं कटर घेऊन उतरतीन तिथी," बाबा म्हणाले. "कोणती लाइन रिकामी हाये अन् कोणतीत तेल हाये, हे त्याईले कोण सांगन? तेलाच्या लायनीवर आग लागली तं पळाले जागा नाई तिथी."

आईनं फळ्यांवरच्या बरण्या खाली काढायला सुरुवात केली. मीठ, तिखट, जवसाची चटणी, लोणचं, सगळं जमिनीवर. एकेक कागद सोडवून ती उजेडात धरायची, उलटा करून पाहायची आणि बाबांपुढं ठेवायची. बाबा मान हलवायचे. ट्रंक उघडली, माझ्या पुस्तकांची कव्हरं काढली. गिअरबॉक्सही निघाला. आई रडायला लागली. "माझ्याच हातानं गेला असन. रद्दीवाल्याले देल्ला असन मी. मले काय समजते त्यातलं!" मी पलंगावर बसून होते. सांगायला तोंड उघडायची आणि पुन्हा मिटायची. कागद सांगितला की क्लास सांगावा लागणार, क्लास सांगितला की सहा महिन्यांचं खोटं सांगावं लागणार. कागद आणून गुपचूप परत ठेवला तर? एवढीच एक फट दिसत होती, आणि मी तिच्यातून निसटले. "क्लासले जाऊन येतो," असं म्हणाले. रविवारी कुठला क्लास, हे कुणी विचारलंही नाही. बरण्यांमध्ये बसलेली आई ओलांडून मी बाहेर पडले. हे लिहितानाही माझा हात थांबतो.

गोदामात दीदी आणि दुलारी होत्या. मी सरळ दोरी सोडली, कागद खाली घेतला आणि फरशीवर पूर्ण पसरला. लांब रेघा शाबूत होत्या. पण वर्तुळं! जिथं जिथं वर्तुळ नेमकं घडीवर आलं होतं, तिथं चमच्यानं आणि सततच्या उघडमिटीनं कागदाचा वरचा थरच सोलला गेला होता. पांढरे, लवदार डाग. बोट फिरवलं की भुसा हाताला लागायचा. मी मोजायला लागले आणि नऊवर पोचल्यावर मोजणं सोडलं.

रडत रडत मी सगळं सांगितलं. दीदींनी गुडघा सांभाळत खाली बसून कागद पाहिला. "इसे अब लपेटना मत, और फटेगा," त्या म्हणाल्या. "घर जाओ. बोलो. उन्हें यहाँ ले आओ."

"आप चलोगी मेरे साथ?"

"नहीं."

मी परत गेले तेव्हा बरण्या अजून जमिनीवरच होत्या. मी उभ्या उभ्या, एका दमात, सगळं सांगून टाकलं. कागद, घड्या, कुरुद, चालणं. इंजिनिअरिंगचा तो क्लास नाहीच हेही. बोलताना मी बाबांकडे बघत होते, मार बसला तर तिकडून बसेल असं वाटून, बाबांनी आयुष्यात कधी हात उगारला नव्हता तरी. बोलली ती आई. "म्हणजे मी रडून राहिली होती, तं तू पाहून राहिली होती?" एवढंच म्हणून ती बरण्या उचलायला लागली. बाबांनी बूट घातले, सवयीनं प्लांटचेच. "चाल," म्हणाले.

अर्ध्या वाटेत बाबांनी स्कूटरवरून वाऱ्यात ओरडून विचारलं, "क्लास कुरुदले हाये?"

"हाव."

"सिविक सेंटरले नाई?"

"थो कोचिंगचा. वेगळा."

त्यांनी स्कूटर कुरुदच्या रस्त्याला वळवली. मी मागं बसून त्यांच्या शर्टाची घामानं भिजलेली पाठ बघत होते आणि मनात एकच, की आता हे गोदाम संपलं.

दारात बाबांनी बूट काढले, दीदींना हात जोडले आणि सरळ कागदापाशी जाऊन उकिडवे बसले. चष्मा लावला. सोललेल्या डागांवरून बोट फिरवत गेले. मग एक कोपरा उचलला, तसा कागद घडी घेऊ लागला. बाबांनी तो अलगद मिटला, उघडला, बिजागरी तपासावी तसा. "हे सारं तू केलं?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. ते रागावलेत की काय, मला काहीच कळेना. त्यांनी खिशातून लाल पेन्सिल काढली आणि रिकाम्या जागा भरायला घेतल्या. चार वर्तुळं झटपट आली. पाचव्याला पेन्सिल हवेत थांबली.

"कागदावर नाई आठोत मले," बाबा म्हणाले. "तिथी उतरलो का पाय जातेत बरोबर. इथी बसून नाई होत."

दीदींना मराठी फारसं येत नव्हतं, पण 'पाय' त्यांना कळलं असावं. त्यांनी खडू पुढं केला. "तो चलिए ना. जगह बहुत है."

बाबांनी एकवार माझ्याकडे बघितलं, मग दुलारीकडे, आणि ओशाळल्यासारखे हसले. पण वेळ नव्हता. तळघराच्या दोन खांबांमध्ये बारा पावलं, असं त्यांनी सांगितलं. दुलारीनं आणि मी फरशीवर खडूनं खांब काढले, दोन्ही बाजूंना सहा-सहा. जिना कुठं, खड्डे कुठं, तेही आखलं. बाबा काल्पनिक जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहिले आणि मोज्यांतल्या पायांनी खाली उतरले.

पहिली दहा-बारा पावलं अवघडलेली होती. मग मला दिसेनासं झालं की ते गोदामात आहेत. डोकं एका ठिकाणी आपसूक खाली गेलं, तिथं तुळई असणार. अंग आडवं झालं, दोन पाइपांमधून जावं तसं. एक पाय उंच उचलून काहीतरी ओलांडलं. उजवा हात न बघता वर गेला आणि हवेतलं चाक धरून अर्धं फिरवलं. "इथी एक. खांद्याच्या उंचीवर." मी कागदावर वर्तुळ काढलं. "इथी जोडीनं दोन." पुन्हा वर्तुळं. "हा बंद हाये, फुली मार." दुलारी पावलं मोजत होती आणि मी कागदाच्या कडेनं गुडघे टेकून सरकत होते. घरात ज्या माणसाला मी फक्त जेवताना आणि पेपर वाचताना बघितलं होतं, तो माणूस अंधारातल्या वाटेनं इतका सहज, इतका नेमका चालत होता की मला सहा महिन्यांत एकदाही तसं जमलं नव्हतं. दीदींचे डोळे त्यांच्या पायांवरून हलत नव्हते. एकेक करून पांढरे डाग भरत आले. शेवटचा एक राहिला, सहाव्या खांबापाशी.

बाबा पाचव्या खांबापर्यंत आले, पुढं चार पावलं टाकली आणि थांबले. मागं गेले, पुन्हा आले. पुन्हा त्याच फरशीवर थांबले. तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. "इथून पुढं नाई येत," ते म्हणाले. "पायच नाई जात." बाहेर चार वाजून गेले होते. तो एक व्हॉल्व चुकला तर बाकीचे सगळे बरोबर असून उपयोग नव्हता. त्याच्याच पलीकडची लाइन उद्या पहिली कापायची होती. मला काहीतरी करायचंच होतं, सकाळपासून जे केलं नव्हतं ते सगळं एका झटक्यात भरून काढायचं होतं. मी पेन्सिल घेऊन उठले आणि बाबांच्या बाजूनं पुढं गेले. "थांबा, मी पुढं होतो," असं म्हणून सहाव्या खांबाकडे पाऊल टाकलं.

"करू!"

असा आवाज मी बाबांचा कधी ऐकला नव्हता. टिनाचं छत घुमलं. "मागं हो! डाव्या अंगाले नोको, गुडघ्याले व्हॉल्व लागन तिथी!" आणि माझा दंड धरून त्यांनी मला इतक्या जोरात मागं खेचलं की आम्ही दोघंही फरशीवर आपटलो.

मग दुलारी हळूच वाकली आणि माझ्या हातातून पडलेल्या पेन्सिलीनं कागदावर, सहाव्या खांबाच्या डावीकडे, एक वर्तुळ काढलं.

बाबा उठले नाहीत. दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले. "लोखंडे इथीच पडला. मीच म्हणलो होतो त्याले," ते खाली बघत म्हणाले. "टॉर्च माह्या हातात होता. त्याले म्हणलो, तू पुढं हो, मी मागून दाखोतो. अन् दाखोलाच नाई. माहं ध्यान दुसरीकडं होतं." मग म्हणाले, "एक डाव बी भेटाले नाई गेलो त्याले." आणि मग त्यांना मी आठवले. त्यांनी माझ्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवला, चाचपून पाहिलं, त्या मोकळ्या, सपाट फरशीवर बसून, आणि विचारलं, "तुले लागलं नाई ना?"

"नाई, बाबा."

सोमवारी बाबा तो कागद घडी करूनच घेऊन गेले, डब्याच्या पिशवीत, माझ्याच घड्यांवर. कोरा कागद तसाच राहिला, उतरवायला वेळच उरला नव्हता. त्या दिवशी मुनग्याचा पाला तोडायला आईबरोबर मीही होते. आई माझ्याशी बोलत नव्हती, पण तिनं फांदी माझ्याकडे वाकवून धरली. बाबा सव्वाचारला आले, हात धुतले, बसले, आणि पहिला घास खाली गेल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "तिथीच होता." आईनं विचारलं, काय होता? बाबा म्हणाले, व्हॉल्व. एका व्हॉल्वसाठी घर उलटंपालटं केलं म्हणून आई त्यांना बोलत राहिली आणि तो दिवस तसा गेला. क्लास बंद कर, असं मला कुणी म्हटलं नाही. चालू ठेव, असंही नाही. बुधवारी मी चपला घालत असताना बाबा पेपरातून म्हणाले, "स्कूटरनं सोडून देऊ का?"

गोदामाच्या जागी आता टाइल्सचं दुकान आहे, आणि दीदी नाहीत. आई गेली तोवर तिला लोखंडे काकांचं हे ठाऊक नव्हतं. तिला सांगू नको, असं बाबा मला कधी म्हणाले नाहीत. मी आपली गप्प राहिले, तिच्या घाबरण्यात आणखी भर नको म्हणून. ते बरोबर केलं की चूक, हे मला आजही ठरवता येत नाही.

पण एक सांगायचं राहिलं. शटडाऊन संपल्यावर दोन आठवड्यांनी बाबांनी सुट्टी टाकली. "गावाकडं जाऊन येतो, करूले नेतो," असं आईला म्हणाले. दुर्गहून पॅसेंजर, मग तुमसरजवळ उतरून टमटम. लोखंडे काकांचं घर गावाच्या टोकाला होतं, कुडाचं कुंपण, आत अंगण, त्यापलीकडे बुटकं दार. बाबा कुंपणापाशी आले आणि थांबले. हातात आईनं दिलेली चटणीची बरणी. त्यांनी मागं पाहिलं, पुन्हा दाराकडे पाहिलं, आणि तिथंच उभे राहिले. मी पुढं होऊन हाक मारू शकले असते. मी नाही झाले. त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि त्यांचा हात धरला, लहानपणानंतर पहिल्यांदाच.

"कोण हाये?" आतून खाटेवरून आवाज आला. "उभे कावून राहिले? या ना आत."

दार एका माणसापुरतंच होतं. आम्ही दोघं अंग आडवं करून बरोबरच आत शिरलो.